जामीन राहू का नको: पहिला पगार, भीड आणि पेन्सिलच्या फुल्या

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २३, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पहिली नोकरी, ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख पण हातात महिन्याला साडेवीस हजारच येतात, २० तारखेनंतर खिसा रिकामा, सीनियर लोक क्रेडिट कार्ड घे म्हणून मागं लागलेत, आणि आता लहानपणापासूनचा दोस्त गाडीसाठी पतसंस्थेतून ३ लाख काढतोय, त्याला दोन जामीनदार पाहिजेत, त्यातला एक तू, आणि रविवारपर्यंत हो का नाही ते सांगायचंय. शेवटी विचारलंयस की घरी पगाराचं काय सांगू, आणि हे पैशाचं सगळं शिकायचं कुठं, शाळा-कॉलेजात तर कुणी शिकवलं नाही.

मी २६ वर्षं बँकेत काढली, त्यातली १४ कर्जाच्या टेबलावर, सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यात, २०२३ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. वसुलीलाही फिरलोय, लोकांच्या ओट्यावर बसून त्यांचंच पाणी पिऊन त्यांनाच हप्ता मागितलाय. त्यामुळं सांगतो ते पुस्तकातलं नाही. माझ्या टेबलासमोर जी तरुण पोरं बुडून आली, ती व्याज कळत नव्हतं म्हणून बुडाली असं फार कमी वेळा दिसलं. बीकॉम झालेली, इंजिनिअर झालेली पोरं असायची, गणित माझ्यापेक्षा चांगलं. ती बुडाली भिडेपायी. नाही म्हणता आलं नाही, थांबा मी वाचतो म्हणता आलं नाही, माझे पैसे परत दे म्हणता आलं नाही. भीड भिकेची बहीण असं आपली म्हातारी माणसं म्हणायची ते उगीच नाही. तू विचारलेले प्रश्न वेगवेगळे दिसतात पण माझ्या मते एकच आहेत.

आधी जामिनाचं बोलू, कारण तिथं तारीख आहे.

१९९८ ची गोष्ट, मी २४ चा, बँकेत लागून वर्ष झालेलं. गल्लीतला दोस्त, आम्ही एकाच ताटात जेवलेलो, त्याला जुनी ऑटोरिक्षा घ्यायची होती, ४० हजार. शहरातल्याच एका पतसंस्थेत गेलो. तिथल्या क्लार्कनं फॉर्म पुढं सरकवला, सात-आठ पानं, आणि प्रत्येक पानावर जिथं सही करायची तिथं आधीच पेन्सिलनं फुली मारलेली. "फुली दिसेल तिथं सही करा साहेब." रकमेची जागा कोरी, मुदतीची जागा कोरी, व्याजाच्या दराची जागा कोरी. मी स्वतः बँकेत दिवसभर लोकांकडून अशाच सह्या घेत होतो, आणि मी एक ओळ न वाचता आठ सह्या ठोकल्या, कारण दोस्त शेजारी बसलेला आणि वाचत बसलो तर त्याला काय वाटेल. बाहेर येऊन त्यानंच चहा पाजला.

सात हप्ते भरले त्यानं. मग रिक्षा विकून भोसरीला गेला कामाला. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला, नोटीस घरी आली, माझ्या नावानं, आणि घेतली वडिलांनी. वडील गिरणीतले, गिरणी बंद पडल्यावर घरीच असायचे. त्यांनी नोटीस वाचली, घडी घालून देवघरात ठेवली, आणि रात्री जेवताना फक्त एवढंच विचारलं, "त्या रिक्षात तू बसला होतास का रे कधी?" नव्हतो बसलो. २६ महिने १,२०० रुपये पगारातून कापून गेले, ३१,२०० झाले. मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून विचारलेलं ते अजून आठवतं, बँकेत काम करतोस आणि तुझ्याच पगाराला कात्री लागली होय?

तर जामीन म्हणजे ओळख देणं नव्हे. लोकांना वाटतं जामीनदार म्हणजे साक्षीदारासारखं काहीतरी, "पोरगं चांगलं आहे" एवढं सांगणारा. तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम १२८ सरळ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे पतसंस्थेनं आधी त्याच्या मागं लागायचं, त्याची गाडी विकायची आणि मगच तुझ्याकडं यायचं असा नियम नाही, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर हप्ता थकला की ते पहिल्याच दिवशी तुझ्या दारात येऊ शकतात. आणि येतात, कारण तू पगारदार आहेस, तुझा पगार एका ठिकाणी येतो, तू सापडतोस. पतसंस्थेला पगारदार जामीनदार का लागतो याचं उत्तर हेच. फॉर्मसोबत बऱ्याचदा पगारातून कापून घ्यायला संमती म्हणून एक कागद असतो, त्यावरही फुली असतेच. आणि एकदा सही झाली की "आता मला यातून काढा" म्हणून चालत नाही, संस्था तयार पाहिजे आणि तुझ्या जागी दुसरा जामीनदार उभा पाहिजे. कुणी उभा राहत नाही.

बँकेचं कर्ज असेल तर आणखी एक, तू जामीन राहिलेलं कर्ज तुझ्या सिबिल रिपोर्टमध्येही, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, दिसू शकतं. उद्या तुला घराचं कर्ज पाहिजे असेल तेव्हा समोरचा ऑफिसर ते ३ लाख तुझ्याच डोक्यावर धरून गणित करणार. तो स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असला की आम्ही लोक जरा हसून बोलतो. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिलच्या साइटवरून काढून बघ, पोरं कधी काढतच नाहीत.

आता त्या दोस्ताचं कर्ज. मला त्यातली एक गोष्ट खटकली. गाडीचं कर्ज म्हटलं की गाडी स्वतःच तारण असते, आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढतो, हप्ते थकले तर गाडी ओढून नेतात. कागद नीट असतील, डाउन पेमेंट भरलं असेल आणि उत्पन्न दिसत असेल तर बऱ्याच ठिकाणी जामीनदार लागतोच असं नाही. मग इथं दोन पगारदार का मागतायत? एक तर त्याचं उत्पन्न कागदावर दिसत नाही, किंवा आधीचं काहीतरी थकलेलं आहे, किंवा हे गाडीचं कर्ज नाहीच, वैयक्तिक कर्ज आहे आणि गाडी हे घरी सांगायचं कारण आहे. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण हा प्रश्न त्याला विचारायचा अधिकार तुला आहे, ३ लाखांची सही तू करणार आहेस.

दुसरं, दर विचार. "बारा टक्के" एवढंच सांगतात. बारा फ्लॅट का रिड्युसिंग, हे विचारायचं. मुदत तीन वर्षांची धरू. फ्लॅट म्हणजे पूर्ण ३ लाखांवर पूर्ण तीन वर्षं व्याज, हप्ते भरून मुद्दल कमी होत गेलं तरी. १ लाख ८ हजार व्याज होतं, हप्ता ११,३३३. तेच बारा टक्के रिड्युसिंगनं, म्हणजे राहिलेल्या मुद्दलावरच व्याज, असं धरलं तर हप्ता ९,९६४ च्या आसपास. म्हणजे महिन्याला १,३७० चा फरक, तीन वर्षांत ४९ हजार गेले, आणि बोर्डावर दोन्हीकडं बाराच. फ्लॅट बारा म्हणजे खरा दर साधारण २१ पडतो. हे गणित मी ग्राहकाला कागदावर करून दाखवायचो तेव्हा माणसं माझ्याकडं असं बघायची की मीच चोर आहे.

आता नाही कसं म्हणायचं. सोलापुरात आपली एक सवय आहे, "बघू की". मालक येतोस का लग्नाला, बघू की. पैसे देतो का, बघू की. ऐकणाऱ्याला ते निम्मं हो वाटतं आणि म्हणणाऱ्याच्या मनात ते पूर्ण नाही असतं. जामिनाला "बघू की" म्हणालास तर तो दुसरा माणूस शोधणार नाही, शनिवारी रात्री तू नाही म्हणशील आणि तेव्हा मात्र तू खरंच त्याचा घात केलेला असशील. म्हणून नाही असेल तर लवकर आणि पहिल्याच वाक्यात. आणि खोटं कारण द्यायचं नाही, खोट्या कारणाला उत्तर असतं. "वडील नको म्हणतात" म्हणालास तर तो वडिलांना भेटायला येईल, पेढे घेऊन येईल. "कंपनीत चालत नाही" म्हणालास तर तुझ्याच कंपनीतला जामीन राहिलेला दुसरा कोणी दाखवेल. एवढंच म्हणायचं: "मी कुणालाच जामीन राहत नाही रे, हे मी ठरवलंय, तुझ्याबद्दल काही नाही यात." त्याच्यावर वाद घालता येत नाही. तो म्हणेल, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही? तिथं पोरं घसरतात, विश्वास आहे रे म्हणत म्हणत सही करून बसतात. तिथं म्हणायचं, "विश्वास आहे, पण माझा पगार साडेवीस हजार आहे आणि हप्ता अकरा हजार आहे, तुझा हात-पाय मोडला तर मी भरू शकत नाही." आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हे लई अवघड काम आहे, मला चाळिशीत जमलं.

मग त्याला मदत करायची नाही का? करायची की. त्याच्याबरोबर दोन-तीन बँकांत जाऊन ये, सुट्टी काढ एक दिवस, दर लिहून आणा, कागद कुठं कमी पडतायत ते बघा. जमत असेल तर पाच-दहा हजार दे, पण परत आले नाहीत तरी झोप लागेल एवढेच. हातउसने देताना मी स्वतः हाच हिशोब धरतो. आणि दिलेत तर तारीख त्याच्याच तोंडून काढून घे, "कधीपर्यंत जमेल तुला?" आणि त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज, दहा हजार पाठवलेत, तू दिवाळीपर्यंत म्हणालास. कागद करायची गरज नाही, मेसेजला त्याचं "हो" आलं की बास. परत मागताना लाज त्याला वाटली पाहिजे, आपल्याकडं उलटं असतंय, मागणाराच बिचारा तोंड चुकवत फिरतो.

आता तुझा पगार. ३ लाखाला बाराने भागून २५ हजार येतात आणि मिळतात साडेवीस, म्हणून तुला कंपनी फसवतेय असं वाटतंय. बघू. तुझा बेसिक १५ हजार लिहिलायस. कंपनी तुझ्या पीएफमध्ये १२ टक्के भरते, ते १,८००, आणि ते सीटीसीमध्येच, म्हणजे ऑफर लेटरवरच्या त्या ३ लाखांतच, धरलेले असतात. ग्रॅच्युइटीच्या नावानं ७२२ बाजूला दाखवलेले. राहिले २२,४७८, ही तुझी ग्रॉस. त्यातून तुझा पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात २०,४७८. तुझा आकडा जुळतोय, कुणी फसवलं नाही, फेब्रुवारीत १०० रुपये आणखी कमी येतील तेव्हा एचआरशी भांडू नको, त्या महिन्यात टॅक्स ३०० असतो, वर्षाचे २,५०० पूर्ण करायला. पुढच्या नोकरीच्या वेळी मात्र इंटरव्ह्यूत सरळ विचार, "सर, यातले हातात किती येतील?" यात कसलाही उद्धटपणा नाही. मी बँकेत असताना पगारदारांच्या कर्जाचे फॉर्म बघायचो, निम्म्या पोरांना स्वतःचा बेसिक माहीत नसायचा.

त्या पीएफला हात लावू नको. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनकडं जातात, बाकी तुझ्या खात्यात व्याजासकट साठतात. नोकरी बदलली की यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच नव्या कंपनीला द्यायचा आणि जुनं खातं ट्रान्सफर करायचं, काढून मोबाइल घ्यायचा नाही. उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं, तीन-चार महिन्यांतून एकदा बघ कंपनी खरंच भरतेय का. कापून घेतात आणि भरत नाहीत असे मालक असतात, आणि हे वेळेत कळलं तरच उपयोग.

२० तारखेनंतर पैसे का संपतात. माझा भाचा, तुझ्याच वयाचा, त्याचीही हीच तक्रार, म्हणून एका रविवारी त्याला बसवला, एका महिन्याचं बँक स्टेटमेंट प्रिंट काढलं आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ. १० रुपये, २० रुपये, ४५, ६०, १००, नुसते यूपीआय. हप्ता आणि पेट्रोल सोडून आम्ही चहा-नाष्ट्याची बेरीज केली, ३,४०० आली. एवढं खातोस काय रे म्हटलं. तर म्हणाला मी एकटा नाही मामा, चौघं-पाचजण असतो. मग पैसे तूच का देतोस रोज? तो जरा थांबला, म्हणाला, माझा मोबाइल हातातच असतो. बघ, हे असं आहे. पूर्वी खिशातून नोट काढताना चारजण "ए थांब मी देतो" म्हणायचे, आता जो आधी स्कॅन करतो तो मोठा, आणि बाकीचे तंबाखू मळत उभे. त्याला एवढंच सांगितलं, सोमवार तुझा, बाकीचे वार बाकीच्यांचे, हसत हसत बोलून टाक. त्यानं बोलून टाकलं, कुणाला राग आला नाही, उलट एकजण म्हणाला की आम्हाला वाटायचं तुला आवडतं द्यायला.

म्हणून आधी एक महिन्याचं स्टेटमेंट पेन्सिल घेऊन बघ. अ‍ॅप-बिप काही लागत नाही त्याला. आणि पगाराचं खातं वेगळं, खर्चाचं खातं वेगळं, असं कर. पगार आला की त्याच दिवशी घरी द्यायचे ते द्यायचे, आरडी, म्हणजे दर महिन्याची ठेव, ठेवलीस तर तिची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवायची, आणि राहिलेल्यातून खर्चाच्या खात्यात आठवड्याला ठरावीक रक्कम टाकायची, यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं. आपल्याकडं कारखान्यात आठवड्याचा पगार घेणारी जुनी माणसं असायची, त्यांचा मंगळवार बाजार त्या आठवड्याच्या पैशातच व्हायचा, महिना संपायचा प्रश्नच नव्हता, आठवडा संपायचा. तू घरी राहतोस, भाडं नाही, तर महिन्याला चार हजार बाजूला पडायलाच पाहिजेत, नाहीतर जानेवारीत गड्डा यात्रेत आणि मेमध्ये लग्नांच्या आहेरात सगळं जातंय. तीन-चार पगाराएवढी रक्कम जमेपर्यंत शेअरबाजार, एसआयपी वगैरे काढू नको डोक्यात. सीनियर हसतील, हसू दे.

भिशीचं तू विचारलं नाहीस, पण कंपनीत लागलास की वर्षाच्या आत कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. दहाजण, दोन-दोन हजार, दर महिन्याला वीस हजार एकाला, चिठ्ठी काढून. मला भिशी आवडते, खोटं कशाला बोलू. माझ्या बहिणीचं शिलाई मशीन भिशीतून आलं, आईच्या पाटल्या भिशीतून झाल्या. ज्या माणसाला बँकेत टाकायला जमत नाही त्याला चारचौघांच्या लाजेनं का होईना टाकायला लागतात, तिथं भीड आपल्या कामाला येते. पण समजून घ्यायचं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत ज्याची चिठ्ठी निघते त्याच्यासाठी ते कर्ज आहे, शेवटी ज्याची निघते त्याच्यासाठी बिनव्याजी ठेव आहे, आणि त्या शेवटच्याचाच सगळा धोका. चौथ्या महिन्यात उचलून कोणी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेला की राहिलेल्यांच्या हातात कागद नसतो, सही नसते, पोलिसात काय सांगणार. लिलावाची भिशी असते तिच्यात तर वीस हजारांची भिशी साडेसतरालाही उचलतात, अडलेला माणूस उचलतो, वरचे अडीच बाकीचे वाटून घेतात. ज्याच्या घराचा पत्ता तुला माहीत आहे आणि ज्याची आई तुला नावानं ओळखते अशाच लोकांबरोबर भिशी कर, आणि दुसऱ्याच्या नावची चिठ्ठी आपण भरायची नाही, "माझ्या मेहुण्याची तू भर रे दोन महिने" असं म्हणणारा असतोच एक.

क्रेडिट कार्ड घ्यायचं तर घे, त्याच्यात वाईट काही नाही, फक्त बिलावर "मिनिमम ड्यू" म्हणून एक छोटा आकडा असतो त्याकडं बघायचंच नाही. २० हजारांचं बिल, मिनिमम १,०००. तू हजार भरलेस, वाटलं सुटलो. राहिलेल्या १९ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ६६५, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी १२० च्या आसपास. पुढच्या महिन्यात १९,७८५. हजार भरून २१५ रुपये फिटले. वर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही गेली, आज घेतलेल्या बिस्किट पुड्यावर आजपासून व्याज. बिल पूर्ण भरता येईल एवढंच वापरणार असशील तर घे, नाहीतर सीनियरना म्हणावं बघू की. इथं चालतंय बघू की.

आणखी एक प्रकार आहे जो मी शेवटच्या काही वर्षांत फार बघितला आणि ज्यानं मला खरंच झोप लागली नव्हती. पोरगं येतं, म्हणतं साहेब माझं खातं बंद पडलंय, पगार अडकलाय. बघितलं तर खातं फ्रीज, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून. कारण काय, कॉलेजातल्या कुणीतरी सांगितलेलं की तुझ्या खात्यात पैसे येतील, तू फक्त काढून दे, दोन हजार तुला. एटीएम कार्ड आणि सिम दिलेलं. ते पैसे कुठल्यातरी म्हाताऱ्याला फसवून आलेले असतात आणि कागदावर चोर म्हणून नाव तुझं. एका पोराची आई विड्या वळणारी, ती बँकेत फरशीवरच बसली, म्हणाली त्यानं नको म्हणायला पाहिजे होतं पण मोठ्या पोरांनी सांगितलं ना. खातं, कार्ड, सिम, ओटीपी यातलं काहीही कुणाला वापरायला द्यायचं नाही, सख्ख्या भावाला नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कोणी पिन टाक म्हणाला तर तो घेतोय, देत नाहीये. आणि फसलासच तर लाजून दोन दिवस घालवू नको, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जेवढं लवकर तेवढं बरं.

पैसे ठेवायचं कुठं. सोलापुरात गल्लीगल्लीत सहकारी बोर्ड आहेत, पण सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी. बँक सहकारी असली तरी एका माणसाच्या त्या बँकेतल्या ठेवींना, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून ५ झालाय, आधी १ लाख होता. पतसंस्थेला तो विमा नाही. तिथं अर्धा-एक टक्का जास्त मिळतो तो याचाच. पतसंस्था सगळ्या वाईट असं नाही, माझे स्वतःचेही थोडे आहेत, पण आईचे दागिने मोडून आलेले पैसे तिथं नको.

विम्याचं दोन ओळीत. बँकेतच ४३६ रुपयांत वर्षाला २ लाखांचा आयुर्विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, दोन्हीचे फॉर्म एकेका पानाचे, उद्याच्या उद्या भर. गुंतवणूक म्हणून विमा विकायला ओळखीचे काका घरी येतील, त्यांना चहा द्यायचा.

घरी काय सांगू म्हणालास. स्लिप दाखव. खरी. मी बऱ्याच घरांत बघितलंय, पोरगा २० मिळत असताना ३० सांगतो, पाहुण्यात मान राहावा म्हणून, मग वडील त्या तीसच्या हिशोबानं बहिणीच्या लग्नाचं कर्ज ठरवतात. किंवा उलट, कमी सांगतो आणि मग प्रत्येक नव्या शर्टला घरात सीआयडी. एका पोरीचं उदाहरण सांगतो, माझ्याच शाखेत पगाराचं खातं होतं, एटीएम कार्ड भावाकडं, पिन भावाकडं, तिला दर सोमवारी पेट्रोलचे पैसे मागायला लागायचे स्वतःच्याच पगारातून. तिनं भांडण केलं नाही. शाखेत येऊन शांतपणे दुसरं कार्ड मागितलं, नवा पिन केला, आणि घरी म्हणाली की घरखर्चाचे आठ हजार मी १ तारखेला आईच्या खात्यात टाकत जाईन. तारीख आणि आकडा दोन्ही सांगितल्यावर घरात कुणाला बोलायला जागाच राहिली नाही, दोन महिने भाऊ फुगून होता म्हणे. तूही असंच कर, घरी किती आणि कधी ते ठरवून सांग, आणि मग ते चुकवू नको.

शिकायचं कुठं म्हणशील तर घरातल्या कपाटातली पिशवी काढ. प्रत्येक घरात असते, प्लॅस्टिकची, तिच्यात एफडीच्या पावत्या, एलआयसीचे बाँड, लाइट बिलं, कुणाचं तरी जुनं पासबुक. वडिलांबरोबर बसून एकेक कागद वाच, कुठं नॉमिनी कोण आहे बघ, कुठली मुदत संपून गेलीय बघ. माझी खात्री आहे एखादी तरी पावती अशी निघेल की ज्याच्यावर नॉमिनी म्हणून वारलेल्या माणसाचं नाव आहे. ती घेऊन बँकेत जा आणि बदलून आण. काउंटरवरचा माणूस खेकसेल, मीही खेकसायचो, दुपारी एक वाजता सगळेच खेकसतात, तू साडेदहाला जा. आणि तुला न कळलेली गोष्ट त्याला दुसऱ्यांदा विचार. कुठलाही कागद सहीला आला की म्हण, "एक कॉपी द्या, घरी वाचून उद्या सही करतो." जो उद्यापर्यंत थांबायला तयार नाही त्याच्या कागदात काहीतरी आहे असं समज.

दोस्ताला रविवारपर्यंत थांबवू नको, उद्या परवाच गाठ. फोनवर नको, मेसेज तर नकोच. सात रस्ता चौकात चहाला बोलाव, पहिला घोट घ्यायच्या आधी सांगून टाक, आणि चहाचे पैसे त्या दिवशी तू दे.